कोळ्याच्या भीतीवर टॅरंटुलाचा उतारा

बंगळूरमधील चिकपेट ही जुनी कापडपेठ आहे. कन्नड भाषेत 'चिक्क' म्हणजे लहान. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसविलेल्या नगरातील ही 'लहान पेठ' आज रेशमी साड्यांच्या व्यापारासाठी देशभर ओळखली जाते. मराठी माणसालाही हा परिसर परका नाही. १६३८ मध्ये आदिलशाही फौजांनी बंगळूर घेतल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि पुढील काळात अनेक मराठी भाषक कुटुंबे या शहरात स्थिरावली.

अशा जुन्या पेठांमध्ये माणसांबरोबर आणखी एका जिवाची वस्ती असते. पोटमाळ्यावर, गठ्ठ्यांच्या मागे, फळीच्या फटीत तो दिवसभर दडून बसतो आणि रात्री बाहेर पडतो. तळहाताएवढा पसरणारा, चपट्या अंगाचा, तपकिरी रंगाचा हा कोळी एखादा गठ्ठा हलविताच भिंतीवरून सरसर धावत जातो. बहुतेक माणसे क्षणभर दचकतात आणि पुन्हा कामाला लागतात. काहींना मात्र घाम फुटतो, छातीत धडधडते, पाय जागीच खिळतात. त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकण्याचा धीर त्यांना होत नाही.

या भीतीवर एक अजब वाटणारा उपाय गेल्या काही दशकांत जगभर चर्चिला गेला आहे. ज्याची भीती वाटते त्याचाच सर्वांत मोठा भाऊबंद, म्हणजे टॅरंटुला हा केसाळ कोळी, घरात पाळावयाचा. युरोप-अमेरिकेतील अनेक हौशी पालक आपला छंद अशाच भीतीतून सुरू झाल्याचे सांगतात. या उपायामागे शास्त्र आहे का? आणि भारतात तो अवलंबावा का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. दुसऱ्याचे मात्र तसे नाही.

भीती आणि भयगंड

कोळ्याबद्दल थोडीफार शंका वाटणे हा आजार नव्हे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मनी व स्वीडनमधील संशोधकांनी सहा महिन्यांच्या बाळांना कोळ्यांची आणि फुलांची चित्रे दाखविली. कोळ्याचे चित्र पाहताना बाळांच्या डोळ्यांतील बाहुल्या अधिक विस्फारल्या. याचा अर्थ बाळे घाबरली असा होत नाही, पण त्यांचे शरीर सावध झाले, एवढे निश्चित. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी १९७१ मध्येच असा विचार मांडला होता की, साप, कोळी, उंची अशा काही गोष्टींची भीती शिकण्यास मानवी मन उत्क्रांतीच्या ओघात जणू आधीच सज्ज झालेले असते.

या सावधपणाचे रूपांतर जेव्हा रोजच्या जगण्यात अडथळा आणणाऱ्या, प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवास्तव आणि किमान सहा महिने टिकणाऱ्या भीतीत होते, तेव्हा त्याला भयगंड म्हणतात. असा माणूस माळ्यावर चढत नाही, रात्री दिवा लावल्याखेरीज न्हाणीघरात जात नाही, गावाकडच्या घरी मुक्काम टाळतो. कोळी निरुपद्रवी आहे हे त्याला बुद्धीने पटलेले असते, पण शरीर ते मानावयास तयार नसते. म्हणूनच 'त्यात घाबरण्यासारखे काय आहे?' या प्रश्नाचा त्याला काडीचाही उपयोग होत नाही.

भयगंड नजरेलाही फसवितो. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात कोळ्याला घाबरणाऱ्या ५७ जणांना जिवंत टॅरंटुलांच्या जवळ नेण्यात आले आणि त्यांच्या आकाराचा अंदाज विचारण्यात आला. ज्याची भीती जितकी अधिक, तितका त्याला कोळी मोठा वाटला. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

भीतीला खतपाणी घालणारे समजही समाजात असतात. कोळ्याने अंगावर मूत्र सोडले की फोड येतात, ही समजूत आपल्याकडे सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात अशा चट्ट्यांमागे बहुधा 'पेडेरस' नावाचा लहानसा भुंगेरा असतो. तो त्वचेवर चिरडला गेला की त्याच्या अंगातील दाहक द्रव्यामुळे फोड उठतात. कित्येकदा तर तो नागीण या विषाणुजन्य आजाराचा पुरळ असतो. बोल मात्र कोळ्याला लागतो.

टाळल्याने भीती वाढते

भयगंडाचे इंधन म्हणजे टाळाटाळ. कोळी दिसताच माणूस खोलीबाहेर पळतो आणि त्याला तत्काळ बरे वाटते. हे बरे वाटणेच मनाला चुकीचा धडा देते, की पळालो म्हणून वाचलो. न पळताही काही झाले नसते, हे शिकण्याची संधी मनाला कधी मिळतच नाही. प्रत्येक पलायनाबरोबर भीतीची मुळे खोल जातात.

त्यामुळे उपचाराचे सूत्र याच्या नेमके उलट आहे. भीतीच्या वस्तूला स्वेच्छेने, पायरीपायरीने आणि पुरेसा वेळ सामोरे जावयाचे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पीटर या लहान मुलाची सशाची भीती अशाच मार्गाने घालविली. मुलगा आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातील ससा दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणला जाई. अखेर पीटर त्या सशाला कुरवाळू लागला. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पी यांनी या तत्त्वाला पद्धतशीर उपचाराचे रूप दिले.

कोळ्याच्या भीतीबाबत स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांचे काम विशेष महत्त्वाचे मानले जाते. एकाच दीर्घ बैठकीत भयगंडावर उपचार करण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. १९८९ मध्ये त्यांनी निरनिराळे भयगंड असलेल्या २० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरासरी २.१ तासांच्या उपचारानंतर, सुमारे चार वर्षांनी केलेल्या पाहणीत त्यांपैकी ९० टक्के रुग्ण पूर्ण बरे झालेले किंवा बरेच सुधारलेले आढळले.

कोळ्यासाठी ही बैठक साधारणपणे अशी चालते. आधी लहान कोळी, मग मोठा. प्रथम दुरून पाहणे, मग जवळ जाणे. पुढे कोळ्यावर काचेचा पेला पालथा घालून खालून जाड कागद सरकविणे, म्हणजे त्याला इजा न करता पकडणे. मग बोटाने स्पर्श आणि शेवटी हातावरून चालू देणे. प्रत्येक गोष्ट उपचारक आधी स्वतः करून दाखवितो. रुग्णावर जबरदस्ती होत नाही, आणि मनातील भीती ओसरू लागल्याशिवाय पुढची पायरी घेतली जात नाही.

टॅरंटुलाच का?

या उपचारांत टॅरंटुलाला मानाचे स्थान मिळाले. त्याचे कारण त्याच्या स्वभावात आहे. दक्षिण व मध्य अमेरिकेतील काही जाती संथ असतात. तासन् तास त्या एका जागी स्थिर बसतात. त्यांचे डोळे आठ असले तरी नजर कमजोर असते. भोवतालचे जग त्यांना मुख्यतः कंपनांतून कळते. अंग जड असल्याने थोड्या उंचीवरून पडले तरी पोट फुटून त्या मरू शकतात. ज्याच्या नुसत्या नावाने थरकाप उडतो तो प्राणी इतका नाजूक आहे, हे कळणे हाच उपचाराचा अर्धा भाग ठरतो.

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात कॅथरिना हॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोळ्याची छायाचित्रेही पाहू न शकणारे १२ प्रौढ त्यात सहभागी होते. त्यांच्यापैकी काहींची अशी समजूत होती की, टॅरंटुला पेटीतून उडी मारील किंवा आपल्यावर डाव धरील. दोन ते तीन तासांच्या एका बैठकीअखेर सर्वांनी जिवंत टॅरंटुलाला स्पर्श केला, आणि सहा महिन्यांनंतरही ते तो करू शकत होते. उपचारापूर्वी कोळ्याची चित्रे पाहताना त्यांच्या मेंदूतील भीतीशी निगडित भाग, विशेषतः अमिग्डला, तीव्रतेने उद्दीपित होत असे. उपचारानंतर हे उद्दीपन कमी झाले आणि सहा महिन्यांनंतरही कमीच राहिले.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोळ्याला घाबरणाऱ्यांसाठी अनेक वर्षे एक खास कार्यक्रम चालविला जात आहे. कोळ्यांविषयीची माहिती आणि संमोहन यांच्या साहाय्याने सहभागी मंडळींना तेथील जिवंत कोळ्यांपर्यंत नेले जाते. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तर १९९७ मध्ये संगणकाने उभ्या केलेल्या आभासी कोळ्याचा वापर केल्याचे प्रसिद्ध केले. रुग्ण महिलेला एक-एक तासाच्या बारा बैठकांमध्ये आभासी कोळी दाखविण्यात आला, आणि त्याला हात लावताना प्रत्यक्षात तिच्या हाताला केसाळ खेळणे लागेल अशी योजना होती. तिची भीती लक्षणीय प्रमाणात कमी झाली. म्हणजे या उपचारासाठी कोळी स्वतःचा असणे आवश्यक नव्हतेच, येथे तर तो खराही नव्हता.

पाळल्याने काय साधते, काय साधत नाही

टॅरंटुला पाळणाऱ्याचा अनुभव या शास्त्राशी बऱ्याच अंशी जुळतो. काचेच्या पेटीतील प्राणी रोज नजरेस पडतो. त्याला ठरावीक दिवसांनी झुरळ किंवा नाकतोडा द्यावा लागतो, पाण्याची वाटी भरावी लागते. वर्षातून कधीतरी तो पाठीवर उलटा होऊन कात टाकतो, तेव्हा नवख्या पालकाला तो मेला असेच वाटते. मादी वीस वर्षांहूनही अधिक जगू शकते, नर मात्र तुलनेने लवकर मरतो. भीतीच्या जागी हळूहळू काळजी येते. ज्याच्यापासून स्वतःला वाचवावयाचे होते, त्यालाच वाचविण्याची जबाबदारी अंगावर पडते.

परंतु या मार्गात धोकेही आहेत. पहिला म्हणजे, येथे पायऱ्या नसतात. पेटी घरी आली की माणूस एकदम शेवटच्या पायरीवर उभा राहतो. टॅरंटुला निसटला आणि घरात गडबड उडाली तर भीती पूर्वीपेक्षा दुणावते. दुसरे, काचेआडच्या एकाच संथ कोळ्याची सवय झाली म्हणून भिंतीवरून धावणाऱ्या कोळ्याची भीती जाईलच असे नाही. मन जे शिकते ते बऱ्याचदा त्या जागेपुरते आणि त्या प्राण्यापुरते शिकते. म्हणून कुशल उपचारक वेगवेगळे कोळी आणि वेगवेगळ्या जागा वापरतो. तिसरे, सर्व टॅरंटुला शांत नसतात. अमेरिका खंडातील अनेक जाती पोटावरील दाहक केस पायांनी उडवितात. ते डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. आशियातील जातींना असे केस नसतात, पण त्या चपळ आणि चटकन चावणाऱ्या असतात. टॅरंटुलाच्या दंशाने मृत्यू झाल्याची खात्रीलायक नोंद नसली, तरी काही भारतीय जातींच्या दंशाने स्नायूंमध्ये तीव्र गोळे येतात आणि हा त्रास अनेक दिवस राहू शकतो.

गुत्तीचा निळा कोळी

चौथा धोका माणसाला नाही, कोळ्याला आहे. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण बंगळूरच्या उत्तरेस, आंध्र प्रदेशात आहे. मुंबई-चेन्नई लोहमार्गावर गुत्ती हे स्थानक आहे. तेथे सापडलेल्या एका नमुन्यावरून ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ आर. आय. पोकॉक यांनी १८९९ मध्ये एका नव्या कोळ्याचे वर्णन केले. लखलखत्या निळ्या रंगाचा हा टॅरंटुला म्हणजे 'पोएसिलोथेरिया मेटॅलिका'. त्यानंतर शंभर वर्षे तो शास्त्रज्ञांना पुन्हा दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधील जंगलात त्याचा पुन्हा शोध लागला. गुत्तीला सापडलेला नमुना रेल्वेने आलेल्या लाकडांबरोबर तेथे पोहोचला असावा, असे मानले जाते.

हा कोळी जुन्या झाडांच्या ढोल्यांत राहतो. त्याचे ज्ञात वसतिस्थान १०० चौरस किलोमीटरपेक्षाही कमी असल्याचे सांगितले जाते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींमध्ये केली आहे. जंगलतोड हे त्यामागचे मुख्य कारण असले, तरी रंगाच्या मोहाने जगभरातील हौशी बाजारात या जातीला मोठी मागणी आली, हेही खरे आहे. याच गटातील इतर जाती पश्चिम घाटातही आढळतात. ज्या प्राण्याला घाबरून माणसे चिरडत आली, त्याला आता आवडीपायी जंगलातून उचलले जाण्याचा धोका निर्माण झाला आहे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या 'साइटीस' करारात २०१९ मध्ये पोएसिलोथेरिया गटातील सर्व जातींचा समावेश करण्यात आला. मेक्सिकोतील लाल गुडघ्याचा लोकप्रिय टॅरंटुला तर १९८५ पासूनच या कराराच्या कक्षेत आहे. अशा प्राण्यांचा देशोदेशींचा व्यापार परवान्याखेरीज करता येत नाही.

भारताने २०२२ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये दुरुस्ती करून 'साइटीस'मधील जातींसाठी स्वतंत्र अनुसूची तयार केली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. या अनुसूचीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी करणे आवश्यक आहे. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये अधिसूचित झाले असून नोंदणी 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर करावयाची असते. परदेशातून जिवंत प्राणी आणण्यासाठी आयात परवाना वेगळाच लागतो.

तरीही चोरटी आयात होते. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून टपालाने आलेले एक पार्सल उघडले. त्यात लहान प्लॅस्टिकच्या कुप्यांमध्ये, चंदेरी कागद व कापसात गुंडाळलेले १०७ जिवंत कोळी निघाले. ते टॅरंटुला असल्याचा अंदाज तज्ज्ञांनी व्यक्त केला. आयात परवाना नसल्याने हे पार्सल परत पाठविण्यासाठी टपाल खात्याच्या स्वाधीन करण्यात आले. कागदपत्रांविना विकला जाणारा टॅरंटुला कोठून आला, हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नसतो. स्वतःची भीती घालविण्यासाठी असा कोळी घेणे म्हणजे तस्करीला हातभार लावणे ठरू शकते.

भिंतीवरचा शिक्षक

मग उपाय काय? तो बहुधा घरातच असतो. आरंभी उल्लेखिलेला भिंतीवरचा चपटा कोळी म्हणजे 'हेटरोपोडा व्हेनाटोरिया'. उष्ण प्रदेशांतील घरे आणि गोदामे हे त्याचे आवडते ठिकाण. तो जाळे विणत नाही. रात्री फिरून झुरळांची शिकार करतो. मादी आपली चपटी, गोल अंडपिशवी पोटाखाली धरून हिंडते. दाबला गेला तर तो चावू शकतो आणि ते दुखतेही, पण माणसाच्या जिवाला त्यापासून धोका नसतो. झुरळांच्या बंदोबस्तासाठी पैसे मोजणाऱ्या दुकानदाराकडे तो वर्षानुवर्षे बिनपगारी चाकरी करीत असतो.

भीती सौम्य असेल तर पुढील क्रम घरच्या घरी पाळता येतो. प्रथम कोळ्याची रेखाचित्रे, मग छायाचित्रे, मग चित्रफिती पाहाव्यात. त्यानंतर झाकणबंद काचेच्या बरणीतील लहान कोळी दुरून आणि मग जवळून पाहावा. नंतर भिंतीवरील कोळी दिसल्यावर खोलीतून न जाता ठरावीक अंतरावर थांबावे. शेवटी पेला आणि जाड कागद वापरून त्याला पकडावे व बाहेर सोडावे. प्रत्येक पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबणे आवश्यक आहे. घाबरून मध्येच पळाल्यास मनाला पुन्हा जुनाच धडा मिळतो. घरातल्यांनी थट्टा म्हणून अंगावर कोळी टाकणे हा उपचार नव्हे. उपचार यशस्वी होतो तो संमतीमुळे, आणि थट्टेत नेमकी तीच नसते. हृदयविकार असलेल्यांनी असे काही करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

भीती तीव्र असेल, तिच्यामुळे काम, झोप किंवा प्रवास अडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ अथवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जाणे श्रेयस्कर. चिकपेटपासून काही किलोमीटरांवर असलेली 'निम्हान्स' ही देशातील अग्रगण्य मानसिक आरोग्य संस्था आहे. तिची परंपरा १८४७ मध्ये बंगळूरमध्ये सुरू झालेल्या मनोरुग्णालयापर्यंत जाते. आजची संस्था १९७४ मध्ये अस्तित्वात आली. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेतही तिची मध्यवर्ती भूमिका आहे. १४४१६ या क्रमांकावर देशातून कोठूनही विनामूल्य सल्ला मिळतो आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

जगात कोळ्यांच्या ज्ञात जातींची संख्या २०२२ मध्ये ५० हजारांच्या पुढे गेली. त्यांपैकी माणसाला खरोखर धोकादायक असलेल्या फारच थोड्या आहेत. टॅरंटुला पाळून ज्यांची भीती गेली, त्यांची ती गेली सहवासाने, मालकीने नव्हे. रोज पाहणे, ओळखणे, न पळता थांबणे एवढेच त्यांनी केले. त्यासाठी मेक्सिकोचे वाळवंट किंवा नंद्यालचे जंगल रिकामे करण्याची गरज नाही. पोटमाळ्यावरचा कोळी हा सहवास फुकट देतो, आणि निरोप घ्यावयाचा झाला तर त्याला एक पेला आणि एक कागद पुरतो.